पूर्वेच्या वाऱ्यात करकोचा

वाइडेवार्ड गावाला एका गोष्टीचा भलता माज आहे. आम्ही पवनचक्की वाचतो, म्हणतात! वर्तमानपत्र खोटं बोलेल, पाद्री खोटं बोलेल, नगरपालिका तर बोलतेच. पण करकोचा खोटं बोलणार नाही. करकोचा हे गावाबाहेरच्या पिठाच्या पवनचक्कीचं नाव. अडीचशे वर्षांची म्हातारी आहे, पण वारा आला की अजून ठुमकते.

वाचायचं म्हणजे काय, तर चक्की थांबवताना वरचं पातं माथ्याला पोचायच्या जरा आधी थांबवलं तर तो आनंद. येतंय, असा त्याचा अर्थ. बाळ, लग्न, काय असेल ते. माथा ओलांडून पुढे गेल्यावर थांबवलं तर दुःख. गेलं. गावातलं शेंबडं पोरसुद्धा खिडकीतून बघून सांगेल: वरचं पातं उजवीकडे कललं की केक, डावीकडे कललं की काळा कोट!

यांतिनालाही माज होता, पण तिचा कष्टाचा होता. अठ्ठावीस वर्षं तिनं नगरपालिकेची कचरागाडी चालवली. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं गावाच्या म्हाताऱ्या चक्कीवाल्याच्या, लुबर्ट आजोबांच्या, हाताखाली चक्की शिकली, परीक्षा दिली, पास झाली. प्रमाणपत्र तिनं संडासात लावलं, वाढदिवसांच्या कॅलेंडरशेजारी. कारण घरी येणारा प्रत्येक माणूस तिथे एकदा तरी निवांत बसतो आणि समोरचं वाचतो.

पण किल्ली मिळाली नव्हती!

किल्ली मंडळाकडे. चक्की सांभाळणारं मंडळ म्हणजे तीन पुरुष, आणि त्या तिघांच्या सहा हातांना मिळून आजवर वंगणाचा एक डाग लागलेला नव्हता. अध्यक्ष तम्मिंगा मास्तर, शाळेचे माजी मुख्याध्यापक. चक्की चालवायची झाली की यांतिनानं मास्तरांच्या दारात उभं राहायचं, मास्तरांनी चष्मा पुसत किल्ली द्यायची आणि पाचच्या आत परत घ्यायची. पीठ तिनं दळायचं, घाम तिनं गाळायचा, आणि वर्तमानपत्रात फोटो मास्तरांचा.

"मास्तर, कचरागाडीची किल्ली अठ्ठावीस वर्षं माझ्या खिशात होती. गावातला एक डबा हरवला नाही."

"कचरा वेगळा आणि वारसा वेगळा, यांतिना."

"दोन्हीकडे घाण तुम्हीच करता आणि साफ मी करते."

मास्तर लाल झाले. पण त्यांनाही कुणीतरी हवंच होतं. शनिवारी आर्नहेमहून निवृत्त बसचालकांचं गायनमंडळ चक्की बघायला येणार होतं, चांगले बावीस जण, आणि मंडळातल्या तिघांनाही त्या दिवशी नेमकी कंबरदुखी होती.

"ही भेट तू एकटीनं निभव," मास्तर म्हणाले. "एकही तक्रार आली नाही तर बघू."

"बघू नाही. किल्ली कायमची माझी."

"बरं, तुझी. आणि तक्रार आली तर किल्ली माझ्या जावयाकडे. त्याला चक्कीत पॅनकेकचं दुकान काढायचंय."

"लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. "एकही तक्रार नको" या शब्दांखाली दोन रेघा मारल्या. यांतिनानं कागद घडी करून खिशात घातला. बावीस म्हातारे बसचालक! आपण पंचवीस टनांची गाडी गल्लीतून उलटी काढलेली बाई आहोत. यात बिघडण्यासारखं आहे काय?

शनिवारी सकाळी वारा पूर्वेचा निघाला.

पवनचक्कीला नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभं राहावं लागतं. या मुलखात वारा बहुतेक पश्चिमेचा, आणि गाव चक्कीच्या पश्चिमेलाच. म्हणून करकोचाचं तोंड वर्षभर गावाकडे. पूर्वेचा वारा क्वचित. त्याबद्दल लुबर्ट आजोबांनी तिला एकदा सांगितलं होतं, "पूर्वेच्या वाऱ्यात चक्की बोलत नाही. थांबवायची झाली तर पाती सरळ फुलीत उभी करायची. आनंद नाही, दुःख नाही, काही नाही." का, ते सांगितलं नव्हतं. यांतिनानं ते वहीत 'आजोबांच्या लहरी' या पानावर लिहिलं होतं. वरची ओळ होती, 'चक्कीत शीळ घालू नये.' खालची, 'मला साखर कमी.'

आजोबांना विचारायचीही सोय नव्हती. एक्याण्णव वर्षांचा माणूस, न्यूमोनियानं बारा दिवस अंथरुणात. चक्कीच्या पूर्वेला बांधावर त्यांचं घर. तिथेच खिडकीशी पडून असायचे.

दहा वाजता बस आली आणि तिच्यातून काळ्या सुटातली माणसं उतरायला लागली. सगळी काळी! संध्याकाळी पुढच्या शहरात त्यांचा कार्यक्रम होता, म्हणून घरूनच कपडे चढवून निघालेली.

"आधी कामाला लागा," यांतिना म्हणाली. "चक्कीचं तोंड फिरवायचंय."

चक्कीचं डोकं फिरवतात ते मागे लोंबणाऱ्या लाकडी शेपटीच्या चाकानं. एका चाकाला आठ बसचालक! उरलेले चौदा सूचना द्यायला!

"डावीकडे घे, डावीकडे!"

"आधी मागचं बघ की, गाढवा!"

"चाळीस वर्षं नऊ नंबर चालवलीय मी, मला शिकवू नकोस."

"म्हणून नऊ नंबर कधी वेळेवर आली नाही!"

पण फिरलं डोकं. पाठ गावाकडे, तोंड पूर्वेला. यांतिनानं पात्यांवर कापड ताणलं, ब्रेक सोडला, आणि करकोचा अशी फिरायला लागली की बावीस जणांची तोंडं उघडीच राहिली. जातं घरघरलं, पीठ पडलं, काळ्या सुटांवर पांढरी साय धरली. मग कॉफी. कॉफीबरोबर माणशी एक बिस्किट. डब्याच्या झाकणावरच चिकटवलेलं होतं: 'प्रत्येकी एकच. सही, ए. तम्मिंगा, अध्यक्ष.'

बिस्किट चघळताना एका म्हाताऱ्यानं जाहीर केलं, "आमच्या बेरेंडच्या लग्नाला आज पन्नास वर्षं झाली!"

बेरेंड म्हणजे एक अवाढव्य माणूस. शेजारी त्याची बायको आल्त्ये, त्याच्या खिशात मावेल एवढी.

"पन्नास वर्षं!" यांतिना म्हणाली. "एकाच माणसाबरोबर?"

"मार्ग ठरलेला होता," आल्त्ये म्हणाली. "मधे उतरायला थांबाच नव्हता."

सगळे हसले. यांतिनाला ही बाई फार आवडली, आणि इथेच घात झाला. माणसाला कुणी आवडलं की तो जास्तीचं काहीतरी करायला जातो.

"चला बाहेर! तुमच्यासाठी चक्की आनंदात थांबवते!"

वहीतली लहर तिला आठवली नाही असं नाही. आठवली. पण आनंदाला कसली आलीय पूर्व-पश्चिम?

ब्रेकचा दोर हळूहळू घेत तिनं पाती मंदावली. पहिल्या खेपेला चुकलं, दुसऱ्या खेपेला वरचं पातं माथ्याच्या टिचभर अलीकडे अस्सं थांबलं, की परीक्षकांनी टोपी काढावी! साखळी अडकवून ती पुढच्या बाजूला गेली आणि मान वर करून बघितलं. पातं उजवीकडे. नियमाला धरून, रेघ मारल्यासारखं. आल्त्येनं डोळे पुसले. गायनमंडळानं गाणं धरलं.

आता हे सगळं गावातून कसं दिसत होतं?

गावाला दिसत होती करकोचाची पाठ. पाठीमागून बघितलं की उजव्याचं डावं होतं, एवढी साधी गोष्ट. पण ज्यांनी जन्मभर पुढूनच बघितलं, त्यांना ही अक्कल कुठून येणार? बेकरीवाल्या हेनीनं पावांची पाटी ठेवता ठेवता खिडकीतून बघितलं, आणि पाटी तिच्या पायावर पडली. पातं डावीकडे! खाली काळ्या कपड्यातली बावीस माणसं! वरून गाणं!

तिनं फोन उचलला.

"लुबर्ट आजोबा गेले."

"कोण म्हणालं?"

"करकोचा म्हणाली."

संपलं. आजोबांच्या घरी फोन करून खात्री करावी असं एकालाही वाटलं नाही. मेलेल्या माणसाच्या घरी फोन करून मेलात का विचारणं वाइडेवार्डमध्ये असभ्य समजतात. अर्ध्या तासात शाळेचं निशाण निम्म्यावर उतरलं. तम्मिंगा मास्तरांची कंबरदुखी थांबली. त्यांनी टेबलाच्या खणातून भाषण काढलं. आजोबा मागच्या हिवाळ्यात आजारी पडले होते तेव्हाच लिहून ठेवलेलं.

कालव्यापलीकडे पाणी उपसायची दुसरी एक चक्की आहे. ती सिपके चालवतो. आजोबांशी त्याचं सात वर्षांपूर्वी ईल माशांवरून वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. त्याला हेनीचा फोन गेला. सिपके करकोचाकडे बघायलाही थांबला नाही. ढसाढसा रडला. एका माशावरून सात वर्षं घालवली, म्हणाला. आणि आपली चक्की त्यानं दुःखात थांबवली, अगदी नियमानं, पातं माथ्याच्या पलीकडे.

पूर्वेचा वारा त्याच्या चक्कीलाही तोच होता! तिचीही पाठ गावाकडे! गावाला काय दिसलं? सिपकेचं पातं उजवीकडे! केक!

"मेलेल्या माणसावर आनंद साजरा करतोय!" हेनी रस्त्यात ओरडली. "अरे, किती विष असावं माणसात!"

गाव निघालं. काळे कोट, फुलं, एक पुष्पचक्र, पुढे मास्तर. कडेनं सायकलवर सिपके, डोळे सुजलेले. आणि कुणीच त्याच्या नमस्काराला उत्तर का देत नाही हे त्याला कळेना.

यांतिनानं वळून बघितलं तर अख्खं गाव चक्कीकडे येतंय, हातात फुलं! बेरेंड गहिवरला. "पन्नास वर्षांसाठी एवढं? आर्नहेममध्ये आम्हाला शेजाऱ्यानंही विचारलं नाही!"

हेनी सरळ आल्त्येकडे गेली. मधोमध उभी, काळा पोशाख, डोळे ओले. आजोबांची कोण बहीण आर्नहेमला असते असं हेनीच्या कानावर होतं. तिनं फुलं दिली, हात हातात घेतले.

"फार वाईट झालं हो, बाई."

"होय," आल्त्ये म्हणाली. "पण कुणी बोलून दाखवत नाही."

"शेवटी शेवटी फार त्रास झाला का?"

"शेवटी कशाला? सुरुवातीपासूनच. रात्रभर घोरतात."

"आता शांत आहेत ना?"

"आता कॉफी पितायत."

हेनीनं तिचे हात आणखी घट्ट धरले. दुःखानं माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, असं तिनं ऐकलेलं होतं. तेवढ्यात तिला सिपके दिसला आणि राग काढायला हक्काची जागा मिळाली.

"तुला लाज वाटत नाही? आजोबा गेले आणि तू आनंदाची पाती लावतोस?"

"दुःखाची लावलीत! माझ्या या हातांनी!"

"आम्हाला शिकवतोस? बघ! उजवीकडे!"

सिपकेनं इथून, पश्चिमेकडून, आपल्या चक्कीकडे बघितलं. उजवीकडे! त्याचा चेहरा पिठासारखा झाला. "पण मी तर..." एवढंच तो म्हणाला आणि आपल्याच हातांकडे बघत उभा राहिला.

या गदारोळातून यांतिनाच्या कानात एकच वाक्य शिरलं. आजोबा गेले.

किल्ली, मास्तर, पॅनकेक, सगळं डोक्यातून उडालं. बारा दिवसांत ती चार वेळा सूप घेऊन गेली होती, परवा त्यांनी सुपाला नावंही ठेवली होती. आणि आज तो माणूस गेला असताना त्याच्याच चक्कीची पाती तिनं हसवत ठेवली! त्याच्याच खिडकीसमोर! लहर, म्हणे!

"बाजूला व्हा!" ती ब्रेककडे धावली. "पातं पुढे घेते! सगळे मागे!"

"थांब," मास्तर म्हणाले. "आधी माझं बोलणं होऊ दे." त्यांनी कागद उघडला. चक्कीच्या जोत्यावर चढले. गायनमंडळानं गाणं थांबवलं. बसचालकांना वाटलं, बेरेंडचा सत्कार.

"लुबर्ट ओस्टिंग," मास्तर म्हणाले, "हट्टी होता. चिकट होता. पण आपला होता."

"हा लुबर्ट कोण?" बेरेंडनं कुजबुजून विचारलं.

"गप्प बस," आल्त्ये म्हणाली. "हट्टी आणि चिकट म्हणतायत, म्हणजे तूच."

"शेवटच्या भेटीत," मास्तर पुढे म्हणाले आणि आवाज भिजवला, "त्यानं माझा हात धरला. म्हणाला, एवाउट, चक्कीची किल्ली परक्या हातात देऊ नकोस. मंडळाकडे ठेव. आणि पुढे तुझ्या जावयाकडे दे."

यांतिनानं दोर सोडला. आजोबा असं म्हणाले? तिच्याबद्दल? परकी?

"कुठला हात धरला होता मी?"

आवाज गर्दीच्या मागून, चक्कीच्या कोपऱ्यावरून आला.

"उजवा," मास्तर कागदावरून नजर न काढता म्हणाले. आणि मग त्यांनी नजर काढली.

लुबर्ट आजोबा! बॅटरीच्या तीनचाकी गाडीवर, काळा कोट, खाली पायजमा, गळ्यात दोन मफलर. हेनी किंचाळली. पुष्पचक्र धरलेल्या माणसानं ते पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला. ते त्याच्यापेक्षा मोठं होतं.

"बारा दिवसांत तू माझ्या दारात आला नाहीस, एवाउट," आजोबा म्हणाले. "हात काय टपालानं पाठवला होता का मी?"

आजोबांनी गाडी यांतिनाकडे वळवली, आणि खरे भडकले ते आता.

"आणि तू! मला खिडकीतून काय दिसतं? सिपकेच्या चक्कीवर दुःख. म्हटलं गेला बिचारा, माशाचं भांडण राहिलं तसंच. कोट चढवला. आणि बघतो तर माझ्या करकोचावर आनंद! शेजारी मयत आणि तू पाती हसवत ठेवतेस? हे शिकवलं मी?"

"मी गेलो नाही, आजोबा," सिपके म्हणाला. "तुम्ही गेला होतात."

"मी?"

मग आजोबांनी गाडी सावकाश गोल फिरवली. गावाकडे बघितलं. निम्म्यावरचं निशाण बघितलं. काळे कोट बघितले. मान वर करून, पश्चिमेकडून, दोन्ही चक्क्यांच्या पाठी बघितल्या. आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू. बेरेंडला त्यांची पाठ धरावी लागली.

"पूर्वेचा वारा," ते म्हणाले. "सांगितलं होतं ना, पूर्वेच्या वाऱ्यात बोलायचं नाही. मागून उलटं दिसतं. अठ्ठावन्न साली माझ्या लग्नाला असाच वारा होता. पाती आनंदात लावली आणि अख्खं गाव काळे कपडे घालून आलं. फोटो आहेत."

"मग मला का नाही सांगितलंत हे?"

"विचारलंस का? आणि सांगण्यासारखं आहे का ते? बायको मरेपर्यंत म्हणायची, गावाला माझ्याआधी कळलं होतं."

आल्त्येनं आपल्या हातातली फुलं बघितली. "म्हणजे ही मयताची?" तिनं विचारलं. हेनीनं जमिनीकडे बघत मान हलवली. "राहू देत," आल्त्ये म्हणाली. "पन्नास वर्षांत पहिलीच आहेत."

तम्मिंगा मास्तर एव्हाना जोत्यावरून उतरले होते. खोटं उघडं पडलं की साधा माणूस तोंड लपवतो; अध्यक्ष कागद शोधतो. पाहुण्यांमध्ये मघापासून हातोहात फिरून भरलेली अभिप्रायाची वही त्यांनी गाठली. "एकही तक्रार नको, असं ठरलं होतं," ते म्हणाले. "एवढा गोंधळ झालाय, तक्रार असणारच!" आणि मोठ्यानं वाचायला लागले.

'फार सुंदर भेट. आमच्या बेरेंडसाठी अख्खं गाव आलं.'

'एवढा जिव्हाळा कुठे बघितला नाही. नाटकही छान. म्हाताऱ्याचं काम उत्तम.'

'पीठ सुटावरून निघत नाही, पण हरकत नाही.'

मास्तर घाईघाईनं पानं उलटत होते. शेवटच्या पानावर त्यांचा चेहरा उजळला. "ही बघा! तक्रार! 'इतक्या चांगल्या कार्यक्रमाला माणशी एकच बिस्किट हा कद्रूपणा आहे. ज्यानं कुणी हा नियम केला...'"

पुढचं त्यांनी वाचलं नाही. यांतिनानं डबा आणून झाकण त्यांच्यापुढे धरलं. बावीस बसचालक, सगळं गाव आणि एक न मेलेला माणूस त्या सहीकडे बघत राहिले.

मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून किल्ली काढली आणि झाकणावर ठेवली. खण असा आवाज झाला. यांतिनानं ती उचलली. दोन वर्षं जिच्यासाठी उंबरे झिजवले ती किल्ली, गंजकी, तळहाताएवढी. सगळे तिच्याकडे बघत होते. चार शब्द बोलावेत असं तिला वाटलं, पण तिला एवढंच सुचलं:

"बिस्किटं घ्या. दोन-दोन."

मग तिनं दोन्ही चक्क्यांची पाती सरळ फुलीत उभी करवली. सिपके आणि आजोबा एकाच पायरीवर बसून माशावरून नव्यानं भांडायला लागले. पुष्पचक्र हेनीनं परत नेलं नाही. घेतलंय तर राहू दे, म्हणाली, लागेलच कधीतरी.

संध्याकाळी यांतिना आजोबांना घरी पोचवायला गेली. ते गाडीवर, ती शेजारून चालत. बांधावर वारा अजून पूर्वेचाच होता.

"यांतिना," आजोबा म्हणाले, "माझी वेळ येईल तेव्हा असाच वारा असला तर तू काय करशील? नियमानं दुःख लावलंस तर गाव केक घेऊन येईल. गावाला कळेल असं लावलंस तर नियम मोडेल."

यांतिनानं बराच विचार केला. खिशातली किल्ली दोनदा चाचपली.

"मग तुम्ही थांबायचं," ती म्हणाली. "वारा बदलेपर्यंत."

आजोबांना पटलं. त्या हिवाळ्यात पूर्वेचा वारा सलग पाच आठवडे वाहिला, आणि लुबर्ट ओस्टिंग थांबले. नंतर वारा बदलला. पण तोवर त्यांना थांबायची सवय झाली होती.